थीम माळ्यावर असते

थीम पार्टी हे प्रकरण फुगेवाल्यांनी आणलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरातला जुना अल्बम काढून आईचा किंवा आजीचा डोहाळजेवणाचा फोटो शोधावा. चंद्रावरचं डोहाळजेवण, नावेतलं, झोपाळ्यावरचं, बागेतलं, हातात धनुष्यबाण घेतलेलं. विषय ठरलेला, त्याला साजेशी बैठक ठरलेली, साडी हिरवी, दागिने त्या एका संध्याकाळपुरते फुलांचे, आणि झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी हा खेळसुद्धा ठरलेला. आजच्या डेकोरेटरच्या पॅकेजात याहून वेगळं काय असतं? फोटोसाठी एक भिंत, पाहुण्यांसाठी एक खेळ आणि उत्सवमूर्तीसाठी एक मुकुट. आपल्याकडे ते आधीपासून होतं, फक्त त्याला कोणी थीम म्हणत नव्हतं.

आता त्या विषयांची यादी पुन्हा एकदा नीट बघा. त्यातला एकही विषय बाजारात जाऊन आणावा लागत नाही. झोपाळा वाड्यात किंवा ओटीवर टांगलेलाच असायचा, त्याच्या कड्यांना वेल गुंडाळले की काम झालं. नाव म्हणजे खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लावलेले दोन रंगवलेले पुठ्ठे आणि खाली अंथरलेली निळी चादर. बाग तर कुंड्या आत आणल्या की तयार. घरात काय आहे ते बघून बायकांनी विषय ठरवले होते, विषय ठरवून मग वस्तू शोधायला त्या निघाल्या नव्हत्या. स्वस्तात सजावट करायची असेल तर एवढी एक गोष्ट उलटी करून चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. बाकीचं सगळं कात्री-डिंकाचं काम.

माझी आत्या यात तरबेज होती. चंद्रावरच्या डोहाळजेवणासाठी ती भिंतीवर स्वतःची काळी चंद्रकळा लावायची. ठेवणीतली साडी भिंतीला लावायची म्हटल्यावर घरातल्या इतर बायकांच्या पोटात गोळा यायचा, पण ती साडीला एक टाचणी लागू द्यायची नाही. वरच्या काठातून पडद्याचा रॉड आडवा घ्यायची, खालच्या काठावर जुन्या वह्यांचं वजन. त्यावर बेगडाच्या चांदण्या, त्या मात्र साडीला न चिकटवता दोऱ्याला बांधून वरून सोडलेल्या. पुढे पुठ्ठ्याची मोठी चंद्रकोर. तिचा आकार काढायला कंपास कुठला पुरणार, म्हणून एक खिळा, एक सुतळी आणि सुतळीच्या टोकाला खडू. एक वर्तुळ काढायचं, खिळा जरासा बाजूला सरकवून दुसरं काढायचं, की मधली कोर उरते. हिरव्या साडीतली मुलगी त्या काळ्यावर अशी उठून दिसायची की चंद्र थोडा वाकडा कापला गेलाय हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही. या सगळ्यात विकत काय आणलं? बेगड. तोसुद्धा गौरीच्या आराशीतून उरलेला असला तर तेही नाही.

आता भाचीचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य असतं, "मावशी, जंगल थीम ठेवायची आहे, लिंक पाठवते." लिंकमध्ये प्लास्टिकची पानं, फॉइलचे वाघ, छापील पडदा आणि सोनेरी फुगे. सामान एकाच खोक्यात, आणि दर दुसऱ्या घरात तोच वाघ. मी तिला विचारते, "तुमच्या सोसायटीत मागच्या आठवड्यात सत्यनारायण कोणाकडे होता?" ती हसते, पण मी गंभीर असते. केळीचे खांब हे जगातलं सगळ्यात सोपं जंगल आहे. चार खांब, दोन नारळाच्या झावळ्या, खालच्या बागेतली कर्दळीची पानं आणि भाजीवाल्याकडचं अळू, एवढं एका कोपऱ्यात गच्च भरलं की मुलं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. 'गच्च' महत्त्वाचं. तेवढीच पानं पूर्ण हॉलभर विखुरली तर लग्न उरकलेल्या मांडवासारखं दिसतं. घरगुती सजावट फसते ती बहुतेक वेळा या विखुरण्याने. प्रत्येक भिंतीवर काहीतरी हवं, प्रत्येक दाराला एक पट्टी हवी, हा हव्यास सोडला की निम्मा खर्च तिथेच वाचतो. पाच-सहा फूट रुंदीची एक जागा निवडायची आणि बाकीचं घर फक्त आवरायचं. आवरलेलं घर हीच सजावट आहे हे मात्र कुठलाच डेकोरेटर सांगणार नाही.

अंतराळाची थीम आली तेव्हा आमच्याकडे जानेवारी होता. चुलतभावाच्या नातवाचा वाढदिवस संक्रांतीच्या आसपास, आणि धाकटीचं बोरन्हाणही त्याच दिवशी उरकायचं होतं. घरात बोरांची पिशवी आलेली. साधारण दोन सेंटिमीटरचं एक बोर हातात घेऊन भाचा म्हणाला, "ही पृथ्वी." तो शाळेत विज्ञान शिकवतो, त्याला अशी वाक्यं सुचतात. मग हिशोब सुरू झाला. पृथ्वी बोराएवढी असेल तर मंगळ तिच्या निम्मा, म्हणजे टपोरा हरभरा. चंद्र व्यासाने पृथ्वीच्या साधारण पावपट, तो साबुदाण्याचा मोठा दाणा. शुक्र जवळपास पृथ्वीएवढाच, दुसरं बोर. युरेनस आणि नेपच्यून चौपट, दोन मोसंबी. शनी नऊपट, गुरू अकरापट, म्हणजे नेहमीचा फुगा जरा कमी फुगवला की बरोबर. आणि सूर्य? एकशे नऊ पट. दोन मीटरपेक्षा थोडा जास्तच. घरात तेवढं गोल काही नव्हतं, म्हणून पिवळ्या घोटीव कागदाचे ताव एकमेकांना जोडून अर्धाच सूर्य केला आणि तो जमिनीलगत भिंतीवर उगवता लावला. अंतरं याच मापाने दाखवायची म्हटली तर बोर सूर्यापासून दोनशे मीटरहून लांब, कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपाशी ठेवावं लागलं असतं, म्हणून अंतराचा नाद सोडला. पण मुलांना तो अर्धा सूर्य आणि त्याच्यापुढे दोऱ्याला लटकणारं एकुलतं एक बोर बघून जे वाटलं, ते छापील पडद्यावरच्या रॉकेटने वाटलं नसतं. एका मुलीने तिच्या आईला विचारलं, "आपण यात कुठे राहतो?" आईने बोराकडे बोट दाखवलं. मुलगी म्हणाली, "पुण्यात ना?"

गुरू आणि शनी आम्ही फुग्यावर कागद चढवून केले. पद्धत जुनीच आहे. फुग्यावर वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे खळीत बुडवून चिकटवायचे, तीन-चार थर द्यायचे, सुकलं की फुगा फोडायचा. कागद कापायचा नाही, फाडायचा. फाटलेली कड मऊ असते आणि सपाट बसते. खळ म्हणजे एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ती पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. जुने पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. ते विषारी, लहान मुलं आसपास असताना अजिबात घालू नये, आणि दोन दिवसांच्या सजावटीला त्याची गरजही नसते. जानेवारीच्या कोरड्या हवेत थर लवकर सुकतात. हेच पावसाळ्यात करायला घेतलं तर गुरूला बुरशी येते. शनीची कडी पुठ्ठ्याची, त्यावर आधीच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला चंदेरी कागद.

त्याच संध्याकाळी, त्याच सूर्यापुढे, धाकटी काळं परकर-पोलकं घालून बसली. बोरन्हाण हीसुद्धा थीम पार्टीच की. काळे कपडे, हलव्याचे दागिने, आणि वरून ओतायला बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी करता येतं, म्हणजे पाहुण्यांच्या सुट्टीची सोयही बघितलेली आहे. हलव्याचे दागिने तयार मिळतात आणि ते स्वस्त नसतात, कारण त्यांत वेळ जातो. हलव्याचा दाणा सुईने टोचायला गेलं तर फुटतो. म्हणून दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ मारायची आणि पुढचा फास टाकायचा. हल्ली दाणे पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवतात, ते लवकर होतं आणि फोटोत छानही दिसतं. पण वर्षाचं बाळ गळ्यातला हार पहिल्या पाच मिनिटांत तोंडात घालतं हे ज्याने पाहिलंय, तो बाळाच्या हाताशी येणाऱ्या दागिन्यांना गोंद लावणार नाही. हार उतरेपर्यंत एक माणूस बाळाजवळ बसवायचा, कारण दोराही पोटात जायला नको.

फुलांचं गणित वेगळं आहे आणि ते बाजारात उभं राहूनच कळतं. पुण्यात गुलटेकडीला किंवा मुंबईत दादरच्या फुलबाजारात भल्या सकाळी गेलं की दिसतं, तोच निशिगंध, तोच झेंडू, पण भाव दिवसागणिक वेगळा. श्रावणात, लगनसराईत, दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलांना हात लाववत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र उरलेला झेंडू विकणाऱ्याला नकोसा झालेला असतो. त्या आठवड्यात ज्यांच्याकडे वाढदिवस असेल त्यांनी दुसरा विचारच करू नये. केशरी आणि पिवळा, दोन रंग, लांबलचक माळा, एका दरवाजातून सोडलेला पडदा. याउलट लग्नाच्या तिथीला फुलवाडी, म्हणजे डोहाळजेवणातले ते फुलांचे दागिने, भरायची हौस आली तर मोगऱ्याच्या भावाने डोळे पांढरे होतील. तेव्हा बाजूबंद आणि कंबरपट्टा पतंगी कागदाच्या कळ्यांचा करावा, आणि खरी फुलं फक्त वेणीत. वास वेणीतून येतो, कंबरपट्ट्याचा वास घ्यायला कोणी वाकत नाही.

हंगामातून सजावट कशी उभी राहते हे बघायचं तर गोव्यात आणि तळकोकणात चतुर्थीला जावं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला गोव्यात माटोळी म्हणतात, सिंधुदुर्गात माटवी. त्या चौकटीला बांधायचं काय, तर भाद्रपदात रानात आणि परसात जे पिकलंय ते. नारळाची आणि सुपारीची शिपटं, केळीचा घड, तवशी, चिबूड, आंबाडे, तोरिंगण, लालभडक कवंडळ, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा. एका रंगाच्या शेजारी दुसरा कसा बसवायचा, जड फळ कुठे टांगायचं, लोंबणारं काय आणि बसकं काय, हे शिकवायला कोणी वर्ग काढत नाही. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा भरवतं, त्यात लोक शेकडो प्रकारच्या फळा-पानांची माटोळी उभी करतात. मी शहरात वाढलेली, मला त्यातल्या निम्म्या फळांची ओळख करून घ्यावी लागली. पण त्या चौकटीची कल्पना मी बिनदिक्कत उचलली आहे. पडद्याचा रॉड किंवा दोन कामट्या आडव्या-उभ्या बांधून छताच्या हुकाला टांगायच्या आणि त्याला हवं ते लटकवायचं. वर बघायला लावणारी सजावट जागा खात नाही, आणि मुलांच्या हाताला लागत नाही, हा तिचा दुसरा फायदा.

मधली काही दशकं आपण हे सगळं विसरलो होतो, कारण थर्माकोल आला. पांढरा, हलका, गरम तारेने लोण्यासारखा कापला जाणारा. गणपतीचं मखर, बारशाचं नाव, वाढदिवसाचा आकडा, सगळं त्याचंच. घरात त्याचे मणी महिनाभर सापडायचे. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली, तेव्हा बरीच हळहळ झाली. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. थर्माकोलला कसलाही आकार देता येतो, आणि नेमकं त्यामुळे सगळ्यांचे महाल सारखे दिसायला लागले होते. पुठ्ठा अडवतो. तो एका दिशेने वाकतो, दुसऱ्या दिशेने मोडतो. त्याच्याशी जमवून घेताना डोकं चालवावं लागतं. बंदीनंतर पुठ्ठ्याची घडीची मखरं निघाली, ती उन्हात वाळवून, फडक्यात गुंडाळून पुढच्या वर्षी पुन्हा उभी करणारी घरं मला माहीत आहेत.

कागदाबद्दल मात्र मी हळवी आहे. अप्पा बळवंत चौकात शिरलं की पुस्तकांइतकाच मला कागद खुणावतो. पतंगी, घोटीव, क्रेप, जिलेटीन, कार्डशीट. मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूचा अब्दुल रेहमान स्ट्रीट. यातला पतंगी कागद माझा सगळ्यात लाडका, कारण त्यातून उजेड आरपार येतो. तावाच्या बारीक घड्या घालून, मध्यावर दोरा आवळून, दोन्ही बाजू उघडल्या की गोल पंखा तयार. असे पंखे लहान-मोठे करून भिंतीवर एकमेकांवर चढवले की फुग्यांची कमान आठवत नाही. संक्रांत होऊन गेल्यावर दुकानात उरलेले पतंग पडत्या भावात मिळतात. तेव्हा फेब्रुवारीतल्या मुलांची थीम आमच्याकडे ठरलेली: पतंग. मांजा वगैरे काही नाही, नुसते पतंग छतापासून जमिनीपर्यंत तिरके चढत जाणारे. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगांनी आभाळ झाकतं म्हणतात, त्याची एक खोलीभर नक्कल.

चिकटवण्याबद्दल एक सांगते. सेलोटेपने भिंतीचा रंग निघतो आणि भाड्याच्या घरात तो रंग सजावटीपेक्षा महाग पडतो. खिडकीच्या गजापासून समोरच्या पडद्याच्या रॉडपर्यंत सुतळी ताणायची आणि सगळं तिच्यावर टांगायचं. मंडळाच्या पताका अशाच लागतात. आणि दिवे. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर ट्यूबलाइट बंद करा, एवढंच करा. ट्यूबलाइटखाली पैठणीसुद्धा फिकी दिसते. साडीच्या किंवा पतंगी कागदाच्या मागे एलईडीची पिवळी माळ सोडली की वाकडी कापलेली कडा, दिसणारा डिंक, कमी पडलेली फुलं, सगळं सांभाळून घेतलं जातं. जुन्या, तापणाऱ्या बल्बची माळ कागदाजवळ लावायची नाही.

आता हे सगळं 'स्वस्त' म्हणताना मला थोडं अडखळायला होतं. फुगेवाला साधी कमान लावायला काही हजार सांगतो आणि आपण ते काम काही शेकड्यांत केलं म्हणून मिरवतो, तेव्हा दोन संध्याकाळी जमिनीवर बसून पाठ धरलेल्या बाईची मजुरी त्या हिशोबात नसते. बहुतेक घरांत ती बाईच असते. आत्याच्या वेळी शेजारच्या चार बायका दुपारी मोकळ्या असायच्या, आता त्या सहाच्या लोकलमध्ये असतात. त्यामुळे कोणी थेट डेकोरेटर बोलावला तर मी नाक मुरडत नाही. मात्र हाताने करायचं ठरवलंच असेल तर घरातल्या पुरुषांना शिडीवर चढवून 'तेवढं वर बांध' एवढ्यावर सोडू नये. घड्या घालायला बसवावं. माझ्या नवऱ्याच्या घड्या माझ्यापेक्षा नेमक्या येतात, हे मला इतकी वर्षं त्याने कळू दिलं नव्हतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या पुतणीने कोजागिरीला काय लावू म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, दाराबाहेर काय पडलंय? ऑक्टोबर होता, दाराबाहेर मेपलची लाल पानं पडली होती. तिने ती जाड पुस्तकांत दाबून सपाट केली, दोऱ्याला ओवली आणि दाराला तोरण बांधलं. आंब्याच्या पानांचं नव्हे म्हणून सासूबाई आधी जरा गप्प होत्या, मग मसाला दुधाचा कप हातात धरून त्यांनीच त्या तोरणाखाली फोटो काढून घेतला.

सध्या माझ्याकडे जूनमधलं एक डोहाळजेवण आलंय. फुलं तेव्हा भिजलेली आणि महाग, कागद दमट हवेत मान टाकणार, कामट्यांना वास येणार. म्हणून माळ्यावर चढले आणि हाताला आधी छत्र्याच लागल्या. मग विषय ठरला: पाऊस. शेजारीपाजारी विचारलं तर प्रत्येक घरात दोन-तीन जास्तीच्या निघाल्या. काळ्या लाकडी दांड्याच्या, फुलाफुलांच्या, एक मोडक्या काड्यांची पण सुंदर किरमिजी. उघडून, उलट्या-सुलट्या, वेगवेगळ्या उंचीवर सुतळीला टांगायच्या, खाली मुलीला हिरव्या साडीत बसवायचं, आणि मधून जुन्या चंदेरी लेसच्या सरी सोडायच्या. घरात छत्री उघडू नये म्हणणारी एखादी आजी येणारच, तिला पहिली ओटी भरायला सांगायची. फक्त छत्री घेतानाच दांड्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवा. कार्यक्रमानंतर बाहेर पाऊस सुरू झाला की पाहुणे समोर दिसेल ती छत्री घेऊन निघतात.